सेल्फ मारला आणि स्क्रीन गेली: घरी बांधलेल्या विमानांमधल्या एका सेकंदाचा इतिहास



गावाकडे विहिरीवरची मोटार चालू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंद होतो. जुन्या गाडीत सेल्फ मारला की म्युझिक सिस्टीम बंद पडते आणि पहिल्यापासून सुरू होते. हा एक सेकंद आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण कधी मनावर घेतला नाही. घ्यायचं कारणही नव्हतं, कारण त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आजचा भाग याच एका सेकंदावर आहे. फक्त जागा वेगळी आहे. लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या छोट्या विमानांचं कॉकपिट. तिथे हा सेकंद आधी कुणाला त्रास देत नव्हता. साधारण २००० सालानंतर तो अचानक सगळ्यांना दिसायला लागला. असं का झालं, लोकांनी काय केलं आणि त्या उपायांनी नवीन काय भानगडी केल्या, ते बघू. माझ्यासारखे कोड लिहून पोट भरणारे जे कुणी ऐकताय, त्यांना यात ओळखीचं बरंच काही सापडेल.

बॅटरीशिवायचं कॉकपिट

सुरुवात जुन्या काळापासून करू. छोट्या पिस्टन विमानाचं इंजिन सुरू करायला बाहेर उभ्या माणसाने पंख्याचं पातं धरून जोरात ओढायचं आणि पटकन मागे सरकायचं. काम धोक्याचं, पण त्याला बॅटरी लागत नव्हती. ठिणगीसाठी इंजिनवर मॅग्नेटो असायचे. इंजिन फिरलं की आतलं चुंबक फिरतं आणि ठिणगीपुरती वीज तिथल्या तिथे तयार होते. शिवाय एक गेला तर दुसरा असावा म्हणून दोन मॅग्नेटो.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला आणि मोटारवाल्यांची हँडल मारायची कटकट संपली. पुढे छोट्या विमानांतही स्टार्टर बसले. मॅग्नेटो मात्र तसेच राहिले. म्हणून आजही मॅग्नेटोवर चालणाऱ्या विमानात उडता उडता सगळी वीज गेली, तरी इंजिनाला पत्ताही लागत नाही.

आता समोरच्या पॅनेलकडे बघा. वेग दाखवणारा काटा समोरून नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. उंचीचा काटा बाहेरच्या हवेच्या दाबाने फुगणाऱ्या-आकसणाऱ्या धातूच्या डबीवर. ऑईल प्रेशरसाठी इंजिनापासून एक बारीक नळी थेट डायलपर्यंत यायची, आत खरंखुरं तेल. ढगात शिरल्यावर विमान सरळ आहे की कललंय हे सांगणारं कृत्रिम क्षितिज म्हणजे एक फिरता जायरो. तो इंजिनवरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर गरगरायचा.

थोडक्यात, प्रत्येक काट्याचं स्वतःचं वेगळं घर आणि वेगळा चुलीवरचा स्वयंपाक. सेल्फ मारताना बॅटरीची दमछाक झाली तरी ऑईल प्रेशरच्या काट्याला काही फरक पडत नव्हता. हे कुणी बसून ‘रिडन्डन्सी’ म्हणून डिझाइन केलं होतं असं नाही. त्या काळचं तंत्रज्ञानच तसं होतं. फायदा आपोआप मिळत होता, आणि असा फायदा गेल्याशिवाय लक्षात येत नाही.

गॅरेजमधली विमानं

आता ही घरी विमान बांधणारी मंडळी कोण? अमेरिकेत १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. तिचा वर्षातून एकदा ऑशकॉशला भरणारा मेळावा म्हणजे या लोकांची पंढरीच. तिथल्या नियमानुसार विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं, तर त्या विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात परवाना मिळतो. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात.

यात दोन नावं मोठी. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ हे विमान १९७१ मध्ये उडालं, आणि त्यापुढच्या आरव्ही मालिकेचे किट घेऊन लोकांनी हजारोंनी विमानं बांधली. दुसरे बर्ट रुटन. त्यांचं व्हेरीइझी १९७५ मध्ये उडालं. वजन वाचवायचं म्हणून कितीतरी व्हेरीइझींमध्ये स्टार्टर बसवलाच नाही. विमान नाक जमिनीला टेकवून उभं करायचं आणि मागचा पंखा हाताने फिरवायचा.

आपल्याकडेही हे वेड आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, आणि २०१७ मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली. त्यांच्या पॅनेलबद्दल आज बोलायचं नाहीये. पण गच्चीवर, गॅरेजमध्ये, शेडमध्ये विमान बांधणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. वायरिंगचा नकाशा तोच ठरवतो आणि त्या वायरिंगच्या भरवशावर उडतोही तोच.

मोठ्यांची काच लहानांच्या घरी

पडद्यांचं कॉकपिट आधी मोठ्या विमानांत आलं. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७६७ मध्ये बऱ्याच काट्यांच्या जागी पडदे होते. पण अशा विमानात इंजिन कसं सुरू होतं? शेपटीत एक छोटं वेगळं इंजिन असतं, त्याला एपीयू म्हणतात. ते वीज देतं आणि दाबाखालची हवाही देतं. मुख्य इंजिन त्या हवेच्या जोरावर फिरवलं जातं. म्हणजे पडद्यांची वीज एकीकडून आणि इंजिन फिरवायची ताकद दुसरीकडून. त्यामुळे मोठ्या विमानात आपला हा सेकंद डोकं वर काढत नव्हता.

मग सेन्सर स्वस्त झाले. घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेसाठी मोटार उद्योगाला चिपवरचे इवलेसे जायरो हवे होते, ते लाखोंनी बनायला लागले. एलसीडी स्वस्त झाले. २००३ च्या आसपास डायनॉन, ग्रँड रॅपिड्स टेक्नॉलॉजीज, ब्लू माउंटन अशा कंपन्यांनी घरी बांधलेल्या विमानांसाठी इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले आणले. एका सपाट डब्यात क्षितिज, वेग, उंची, दिशा सगळं. एक्सपेरिमेंटल गटाला कारखान्यातल्या विमानांसारखं महागडं सर्टिफिकेशन लागत नाही, त्यामुळे किंमतही आवाक्यात.

लोक तुटून पडले. आणि का पडू नयेत? व्हॅक्यूम पंप न सांगता मरायचा. आतली कार्बनची पाती झिजून एक दिवस तुटायची आणि जायरो हळूहळू सुस्त पडून खोटं क्षितिज दाखवायला लागायचा. ढगात खोटं क्षितिज म्हणजे जीवाशी खेळ. नवीन डिस्प्लेमुळे तो पंप, त्या नळ्या, ते वजन, सगळंच गेलं. वर इंजिनाची माहितीही त्याच स्क्रीनवर आली: ऑईल प्रेशर, तापमान, आरपीएम.

इथेच मेख आहे. मोठ्या विमानाची काच छोट्या विमानात आली, पण तिच्यामागची वीजव्यवस्था आली नाही. छोट्या विमानात १२ व्होल्टची एक बॅटरी. तीच स्टार्टर फिरवणार आणि तीच स्क्रीन चालवणार.

त्या सेकंदात नेमकं काय होतं

थांबलेली मोटार फिरायला लागण्याआधी विजेला जवळजवळ काहीच विरोध करत नाही. मोटार फिरायला लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट कमी होतो. पण पहिल्या क्षणी शेकडो अँपिअर वाहतात.

साधं गणित करू. समजा बॅटरी १२.६ व्होल्टची आहे. बॅटरीचा आतला विरोध आणि पुढच्या जोडण्या मिळून १० मिलिओहम. स्टार्टरने पहिल्या क्षणी ४०० अँपिअर ओढले. ४०० गुणिले ०.०१ म्हणजे ४ व्होल्ट वाटेतच खर्च. स्क्रीनला मिळाले ८.६. हे काही मिलिसेकंदच टिकतं. मग पंखा फिरायला लागतो आणि व्होल्टेज १०-११ पर्यंत सावरतं. थंडीत मात्र बॅटरी कमजोर पडते आणि तेल घट्ट होतं, म्हणजे दोन्हीकडून मार. वजन वाचवणारे कायम चुंबकाचे हलके स्टार्टर आले, तर त्यांचा पहिला झटका जुन्या जड स्टार्टरपेक्षा मोठा.

बल्ब असता तर मंद झाला असता आणि परत उजळला असता. कॉम्प्युटरचं तसं नसतं. त्याच्यासाठी पूर्ण वीज जाणं हे खरं तर सोपं प्रकरण आहे. अर्धवट वीज जास्त वाईट. प्रोसेसर शुद्धीत, मेमरी गोंधळलेली, सेन्सर काहीतरीच आकडे देतोय. म्हणून शहाणे डिझायनर एक पातळी ठरवतात. व्होल्टेज तिच्याखाली गेलं की अर्धमेलं चालण्यापेक्षा सरळ रीसेट. यालाच ब्राउनआउट रीसेट म्हणतात. म्हणजे स्क्रीन रीबूट होते ती बिघडली म्हणून नाही. ती तिचं काम चोख करतेय.

पण वेळ बघा. इंजिन सुरू झाल्यावर वैमानिकाने सगळ्यात आधी काय बघायचं? ऑईल प्रेशर. लायकमिंग इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय की ३० सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर इंजिन बंद करा. कारण तेलाविना धातूवर धातू घासायला लागतो. आणि नेमक्या त्याच ३० सेकंदांत स्क्रीनवर कंपनीचा लोगो फिरतोय. मग सेन्सर जागे होणार, मग क्षितिज स्थिर होणार. ज्या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे ती सगळ्यात नको त्या वेळी गायब. जुन्या नळीवाल्या काट्यावर ही वेळ कधीच आली नसती.

पहिला उपाय: बंदच ठेवा

सगळ्यात जुना उपाय मोटारींकडे आहे. चावी स्टार्टच्या जागी नेली की रेडिओचा पुरवठा आपोआप तुटतो. विमानांत त्याच धर्तीवर ‘एव्हिऑनिक्स मास्टर’ नावाचा स्विच रूढ झाला. इंजिन सुरू होईपर्यंत रेडिओ वगैरे सगळं बंद, मग एका खटक्यात चालू. वैमानिकांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं की स्टार्टरमुळे व्होल्टेजचा मोठा झटका येतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

यावर कॅन्ससमधले इलेक्ट्रिकल इंजिनीअर बॉब नकल्स यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. त्यांचं ‘द एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे पुस्तक घरी विमान बांधणाऱ्यांच्या टेबलावर हमखास सापडतं. त्यांचं म्हणणं असं: स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज वर उडत नाही, खाली बसतं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून जो उलटा झटका निघतो, तो कॉइलवर एक साधा डायोड लावला की तिथेच मिटतो. उलट तो मास्टर स्विच सगळा भार एका खटक्यावर टाकतो. तो स्विच गेला की सगळंच गेलं. ज्याला आपण सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, ते संरक्षणाच्या नावाखाली विकत घेतलेलं.

तरी स्क्रीन रीबूट होण्याचा प्रश्न उरतोच. स्क्रीन जळत नाही हे ठीक, पण ऑईल प्रेशर दिसत नाही त्याचं काय? काही लोकांनी साधा मार्ग काढला. स्क्रीन नंतर चालू करायची आणि ऑईल प्रेशरसाठी एक वेगळा दिवा ठेवायचा. इंजिनवर प्रेशरचा स्विच, त्यावर एक लाल बल्ब, बस. आपल्या गाडीत असतो तसाच. स्वस्त आणि भरवशाचा.

पण उडण्याआधी स्क्रीनवर बरंच काम असतं. मार्ग भरायचा, रेडिओवर हवामान ऐकायचं, नकाशा लावायचा. ते सगळं करून सेल्फ मारायचा आणि परत पहिल्यापासून? लोकांना ते नको होतं.

दुसरा उपाय: कपॅसिटर, बूस्टर, नाहीतर छोटी बॅटरी

पहिली कल्पना सगळ्यांना सुचते: मोठा कपॅसिटर लावू. पुन्हा गणित. स्क्रीन २० वॅट खाते आणि ०.३ सेकंद तग धरायचाय, म्हणजे ६ ज्यूल. कपॅसिटर १२ वरून ९ व्होल्टपर्यंत उतरू द्यायचा असेल तर लागतो साधारण ०.१९ फॅरड. मायक्रोफॅरडमध्ये १ लाख ९० हजार! नेहमीच्या कपॅसिटरचा हा चांगला डबाभर ऐवज होतो. आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झालं नाही, पाच सेकंद सेल्फ मारावा लागला, तर तोही कमीच.

दुसरी कल्पना: पडलेलं व्होल्टेज परत वर उचलणारा कन्व्हर्टर. आत ८ आले तरी बाहेर १२ देणार. टीसीडब्ल्यू टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्यांनी खास याच कामाचे डबे विकायला काढले.

तिसरी आणि सगळ्यात लोकप्रिय कल्पना: एक छोटी दुसरी बॅटरी. आपल्या घरच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची जी चौकोनी बॅटरी असते, जवळपास तशीच. सेल्फ मारताना स्क्रीन तिच्यावर. अल्टरनेटर चालू झाला की ती परत चार्ज. मधे एक डायोड, म्हणजे स्टार्टरला या बॅटरीतली वीज ओढता येत नाही. पाणी उलटं जाऊ नये म्हणून पंपाच्या पाइपला फुटव्हॉल्व्ह बसवतो ना, तसंच.

डिस्प्ले बनवणाऱ्यांनीही धडा घेतला. काहींनी स्वतःची बॅकअप बॅटरी देऊ केली. काहींनी पुरवठ्यासाठी दोन-तीन वेगवेगळ्या पिना दिल्या आणि डायोड डब्यातच बसवले, म्हणजे ज्या वायरीत जास्त व्होल्टेज तिच्यावर स्क्रीन आपोआप चालणार.

कारखान्यातल्या विमानांच्या उपकरणांसाठी हा प्रश्न कागदावर आधीच होता. डीओ-१६० नावाचं चाचण्यांचं एक मानक आहे. त्यात २८ व्होल्टच्या उपकरणासाठी इंजिन स्टार्टची चाचणी अशी: पुरवठा १० व्होल्टपर्यंत खाली आणायचा आणि ३५ सेकंदांत हळूहळू २०.५ पर्यंत वर न्यायचा. ती पास होणं एक्सपेरिमेंटल गटातल्या डिस्प्लेला सक्तीचं नव्हतं. स्वस्ताईची ही दुसरी बाजू. जे काम सर्टिफाइड उपकरणात डब्याच्या आत झालं असतं, ते विमान बांधणाऱ्याने डब्याच्या बाहेर केलं.

उपायाने आणलेला नवा प्रश्न

इथे गोष्ट संपली असती तर मी हा भाग केला नसता.

छोटी बॅटरी बसली, स्क्रीन टिकली, सगळे खूश. आता समजा, उडताना स्क्रीनची मुख्य वायर सैल झाली. स्क्रीन गेली का? नाही. ती गुपचूप छोट्या बॅटरीवर चालतेय. वैमानिकाला काहीच दिसत नाही. जे बिघडलंय ते झाकलं गेलंय, आणि तासा-दोन तासांनी छोटी बॅटरी संपली की मग स्क्रीन जाणार. तेव्हा विमान ढगात असू शकतं.

किंवा उलटं. छोटी बॅटरी तीन वर्षं तिथेच आहे, कुणी तपासलेली नाही, आतून मेलेली. रोज इंजिन पटकन सुरू होतं, त्यामुळे तिची परीक्षाच होत नाही. ज्या दिवशी तिची खरी गरज पडते, त्या दिवशी कळतं की ती फक्त दोन-अडीच किलो वजन होती.

त्यातला सगळ्यात वाईट प्रसंग हवेतला. इंजिन बंद पडलं, पंखाही थांबला, आणि पुन्हा सुरू करायला सेल्फ मारावा लागला. जमिनीवर रीबूट म्हणजे वैताग. ढगात रीबूट म्हणजे इंजिन नसताना क्षितिजही नाही.

म्हणून अनुभवी मंडळींनी वायरिंगइतकंच सवयींवर लक्ष दिलं. सेल्फ मारण्याआधी स्क्रीन फक्त छोट्या बॅटरीवर चालू करायची. चालली, म्हणजे ती जिवंत आहे. प्रत्येक उड्डाणाला तिची फुकट परीक्षा. दुसरं, व्होल्टेज १३ च्या खाली गेलं की भगभगणारा वेगळा दिवा. अल्टरनेटर नीट चालत असेल तर आकडा १४ च्या आसपास असतो. १३ च्या खाली म्हणजे आता आपण साठ्यावर जगतोय, आणि हे अंधार होण्याआधी कळतं. तिसरं, वर्षातून एकदा छोटी बॅटरी खरा भार लावून मोजायची आणि कमी पडली तर निमूटपणे बदलायची.

आपल्यासाठी यात काय?

जुन्या पॅनेलमध्ये सहा काटे होते आणि बहुतेकांना बॅटरीशी देणंघेणं नव्हतं. आपण ते एका सुंदर स्क्रीनमध्ये एकत्र केले. वजन कमी झालं, अचूकता वाढली, मरका व्हॅक्यूम पंप गेला. सौदा चांगलाच होता, आणि मी तरी त्या काट्यांसाठी गळा काढणार नाही. पण एकत्र करताना त्यांचं वेगळेपण सुटून गेलं, आणि ते किंमत यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते परत मिळवायला एक बॅटरी, एक डायोड, एक दिवा आणि एक सवय लागली.

तुमच्या ऑफिसमध्ये उद्या कुणी म्हणालं की या पाच सिस्टीम एकत्र करून टाकू, तर जरूर करा. फक्त आधी एक प्रश्न विचारा: या पाचांना आज वीज कुठून येते? आणि बॅकअप आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर पुढचा प्रश्न: तो शेवटचा कधी चालवून पाहिला?

आजच्यापुरतं एवढंच. बॅटरी, डायोड, विमानं, कशाबद्दलही प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर घरच्या इन्व्हर्टरचं पाणी तपासून ठेवा!